पिशवीत मावेल तेवढंच

मित्रांनो, या घरात आलात तर आधी दार लावा आणि मग दाराच्या मागे बघा. तिथे खिळ्याला लटकलेली जाडजूड पिशवी म्हणजे मी. मूळचा माझा रंग हिरवा होता. आता ज्याला जो दिसेल तो त्याने म्हणावा.

एका दुकानावर ताडपत्रीचे छप्पर होते. ते बदलले तेव्हा उरलेले कापड कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी मागून नेले आणि त्याच्या सहा पिशव्या शिवल्या. मी सहावी. मला एका तरुण जोडप्याने विकत घेतले. “बारा किलो घाला, हूं की चूं करणार नाही,” असे बाईंनी त्यांना सांगितले, आणि ते खरे आहे का हे पाहण्यातच त्या दोघांनी पुढची कित्येक वर्षे घालवली.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटांना वेळा ठरवून द्यायची. पुढे त्यांना मुलगी झाली. तिला सगळे ठकी म्हणत. ती बोलू लागल्यापासून मीसुद्धा त्या दोघांना आई आणि बाबाच म्हणू लागले. दर शनिवारी सकाळी आम्ही बाजारात जात असू. तळाशी बटाटे, त्यावर भाजी, सगळ्यात वर अंडी. भाजीवाल्या आजी मला पाहून म्हणत, “पिशवी असावी तर अशी!” तेव्हा माझी छाती फुगत असे. अर्थात आत कोबी असल्यामुळेही असेल.

मग बाबांचा पगार वाढला आणि घरात नवे फोन आले. फोनवर बोट टेकवले की दुसऱ्या दिवशी दारात खोके हजर. पाव भाजायचे मशीन आले. त्यात दोनदा पाव झाला. पाय दाबायचे मशीन आले. ते इतके जोरात दाबे की बाबा लंगडत कामाला गेले. आईसाठी चपला आल्या, चपला ठेवायला कपाट आले. सगळे हप्त्याने. “महिन्याला एवढेसे तर द्यायचेत,” असे दोघेही एकमेकांना सांगत. अशी ‘एवढेसे’ किती झाली, हे मात्र कुणी मोजत नव्हते.

मला बाजारात न्यायचे बंद झाले. मी खिळ्यावर धूळ खात राहिले.

एकदा बाबांच्या दुकानातले काम तीन महिने बंद पडले. तेव्हा आईच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ठकीच्या मावशीने, मोठी रक्कम उसनी दिली. मावशी बेकरीत कामाला होती. ते पैसे तिने लेकीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते. काम पुन्हा सुरू झाले, पगार येऊ लागला, पण मावशीचे पैसे तसेच राहिले आणि दारातली खोकी काही थांबेनात.

आणि मित्रांनो, त्याच सुमाराला मला पुन्हा काम मिळाले. पण असे काम कुणाला मिळू नये. बँकेची पाकिटे आली की बाबा ती न फोडताच माझ्यात कोंबू लागले. आई कामाला गेलेली असली की दार हळूच लोटायचे, पाकीट आत सारायचे आणि मोठा श्वास घ्यायचा. मला आवाज असता तर मी ओरडले असते.

एका रविवारी दुपारी मावशी आली. खुर्चीच्या टोकावर बसून ती बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. शेवटी म्हणाली, “पोरीला नर्सिंगला जायचंय गं. फी पुढच्या जूनमध्ये भरायचीय. अकरा महिने आहेत अजून. घाई नाही, पण...”

“ताई, तुझे पैसे मी देणारच,” आई म्हणाली.

मावशी गेली. थोड्या वेळाने ठकीला शाळेसाठी पुठ्ठे भरून न्यायला मोठी पिशवी हवी होती. तिने मला खिळ्यावरून ओढले, आणि माझ्यातली पाकिटे धपाधप जमिनीवर पडली. एकोणतीस.

आई खाली बसली आणि एकेक फोडून वाचू लागली. बाबा भिंतीला टेकून उभे होते.

“तीन कार्डं आहेत?” आईने विचारले.

“चार,” बाबा म्हणाले. “तुला सांगणार होतो. रोज ठरवायचो. पाकीट फोडलं नाही की वाटायचं, अजून काही बिघडलेलं नाही.”

आई रागाने लाल झाली होती. पण शेवटच्या दोन पाकिटांवर तिचेच नाव होते. तीही तिने फोडली. मग ठकी आपली वही घेऊन आली आणि म्हणाली, “मी बेरीज करू? मला येते.”

बेरीज झाली. दर महिन्याला पगाराच्या शंभर रुपयांतले बासष्ट हप्त्यांत जात होते. मावशीचे पैसे तर त्या बेरजेत धरलेच नव्हते.

आईने डोळे पुसले आणि मला उचलून साबणाच्या पाण्यात बुडवले. घासताना ती म्हणाली, “आजपासून घरात जे काही येईल ते बाजारातून, रोख देऊन, आणि शनिवारी. या पिशवीत मावेल तेवढंच. फोनवरून काही मागवायचं नाही. मीसुद्धा नाही.” बाबांनी कात्री आणली आणि चारही कार्डांचे तुकडे केले. एकही तुकडा सरळ कापला गेला नाही. लहानशा काचेवर कधी ओरखडा पडू न देणारे ते हात!

पहिला शनिवार फजितीचा गेला. सवयीने बिस्किटांचे पुडे, शेवटी वेफर्स, आणि पीठ घ्यायला जागाच उरली नाही. पैसेही उरले नाहीत. मागे रांग लागलेली, त्यात शेजारच्या काकू. बाबा एकेक पुडा परत ठेवू लागले.

“काय साहेब, आज हात आखडता घेतलात?” दुकानदार मोठ्याने म्हणाला.

बाबांचे कान लाल झाले. पण ते म्हणाले, “हात नाही हो, पिशवीच आखूड पडली.”

रांगेतले लोक हसले, दुकानदार हसला, आणि बाबाही हसले. किती दिवसांनी!

त्यानंतर हळूहळू हात बसला. कुणाला काही हवेसे वाटले की दारावरच्या कागदावर लिहायचे आणि आठ शनिवार थांबायचे. गंमत अशी, की आठव्या शनिवारपर्यंत बहुतेक गोष्टी खोडलेल्या असत. ठकीचे चाकांचे बूट तेवढे टिकून राहिले. पाव भाजायचे मशीन, पाय दाबायचे मशीन, एकदाही न घातलेल्या चपला, सगळे मीच वाहून नेले आणि विकून आले. आईने बँकेत जाऊन सगळे खरे सांगितले आणि हप्ते नीट लावून घेतले. ज्याचे व्याज सगळ्यात जास्त, ते कार्ड आधी फेडले. हप्ता भरून उरलेल्या पैशांतून दर महिन्याला थोडी रक्कम मावशीच्या नावाच्या डब्यात पडू लागली.

सहाव्या महिन्यात फ्रिज बंद पडला. बाबांनी सवयीने फोन हातात घेतला. आईने नुसते बघितले. बाबांनी फोन ठेवला आणि मला खिळ्यावरून काढले. फ्रिज दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी थोडे थोडे सामान आणत होतो. त्या वाटेवर ते दोघे इतके बोलले, की मला वाटले, यांची नव्याने ओळख होते आहे.

जून उजाडला. फी भरायला नऊ दिवस होते. डब्यातले पैसे मोजून झाले. आईने ते पुन्हा मोजले, मग ठकीने मोजले. पुरेपूर होते. पाकीट माझ्या तळाशी ठेवून तिघेही मावशीकडे निघाले. इतके हलके आणि इतके मोलाचे ओझे मी कधीच वाहिले नव्हते.

मावशीच्या घरी एक अनोळखी माणूस बसला होता. समोर तिच्या स्कूटरची किल्ली आणि कागदपत्रे. बेकरीचे काम पहाटे चारला सुरू होई. त्या वेळी बस नसते. त्या स्कूटरवरच मावशीची नोकरी उभी होती.

“विकतेयस?” आईचा आवाज चिरकला.

“मग काय करू? तुला परत विचारायला जीभ रेटेना गं,” मावशी म्हणाली.

बाबांनी पाकीट काढून मावशीच्या हातात ठेवले. मग त्या माणसाकडे वळून, छाती फुगवून ते म्हणाले, “माफ करा. गाडी विकायची नाही!”

मावशीने पाकिटात डोकावून पाहिले. “सगळे?”

“सगळे,” बाबा म्हणाले. “ताई, उशीर झाला. चूक माझी होती.”

“आमची,” आई म्हणाली.

मावशीने दोघांनाही एकदम मिठी मारली. आतल्या खोलीतून तिची लेक धावत आली आणि ठकीला उचलून गरगर फिरवू लागली. ते बिचारे गिऱ्हाईकसुद्धा उठता उठता म्हणाले, “गाडी गेली खरी हातची, पण मजा आली बघा.”

शेवटचे कार्ड आणखी पाच महिन्यांनी फिटले. त्या शनिवारी ठकीचे चाकांचे बूट घेतले, वापरलेले पण भक्कम, आणि अर्थात रोख. मी गच्च भरले होते. आईने माझा एक बंद धरला, बाबांनी दुसरा, आणि ठकी पुढे धडपडत, ओरडत घरंगळत चालली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराच्या मागे माझ्यासारखी एखादी असेलच. तिला धुवा, वापरा, फाटली तर शिवा. आणि एवढे एक ऐका. ओझे जड वाटू लागले की ते लपवू नका, घरातल्या कुणाला तरी हाक मारा. पिशवीला दोन बंद त्यासाठीच असतात.