खणातली मोजणी

अकरा वर्षं थोरली किनारा मोजत होती. ओहोटी साधून खुंट्या ठोकायच्या, फीत धरायची, समुद्रानं किती वाळू गिळली ते लिहायचं. उन्हानं तोंड रापलं, पण बढतीचं नाव नाही. आणि परीक्षा देऊन धाकटी बहीण त्याच कार्यालयात आली ती थेट परवाना अधिकारी होऊन! आल्यागेल्याला वडील सांगायचे, "आमची धाकटी साहेब झाली." थोरलीचं विचारलं तर, "तीही तिथंच असते." ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका ठेकेदारानं प्रवाळाच्या खडकांजवळची वाळू उपसायला अर्ज केला. थोरलीनं मोजलं. वर्षभरात समुद्र नऊ पावलं आत आला होता. एवढी धूप असली की नियमानं परवाना देताच येत नाही. तिनं मोजणीचा कागद खणात टाकून कुलूप लावलं. होऊ दे साहेबांची फजिती! धाकटीनं गेल्या वर्षीच्या आकड्यांवर विसंबून परवान्यावर सही केली, तेव्हा थोरली मिठाची गुळणी धरून बसली.

महिन्याभरात यंत्रांनी वाळूबरोबर प्रवाळही फोडून नेलं. लाटा अडवायला काही उरलं नाही. मासळी वाळवायची जागा एका उधाणात वाहून गेली. मासळीवाल्या कार्यालयावर धडकल्या.

"कुणी दिला परवाना?"

धाकटी बाहेर आली. "सही माझी. चूकही माझी."

"पोरगी तोंड तरी लपवत नाही," एक म्हातारी म्हणाली.

थोरलीला वाटलं होतं, आता काळजाला गारवा मिळेल. उलट आगच भडकली. चुकली तरी कौतुक हिचंच! त्या तिरमिरीतच तिनं खण उघडला आणि कागद धाकटीपुढे आदळला.

"चूक हिची नाही. मी दडवला हा."

धाकटी पांढरीफटक पडली. तिनं तिथल्या तिथे परवाना रद्द करून यंत्रं थांबवली. थोरलीच्या निलंबनाचा कागदही तिनंच लिहून वर पाठवला.

संध्याकाळी घरी धाकटी म्हणाली, "ताई, एकदा येऊन बोलायचंस तरी!"

"तू कधी आलीस माझ्याबरोबर मोजणीला?"

"कशी येणार?" धाकटी खाली बघत म्हणाली. "पाण्याच्या रंगावरून तुला तळ कळतो. मी नुसती पुस्तकं घोकली. जळायचे मी तुझ्यावर."

आपल्यावर कुणी जळत असेल, हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नोकरी गेल्यात जमा होती, आणि तरी, खोटं कशाला सांगा, तिला जरा बरंच वाटलं.