देवाची मूठ

पोतनीस मास्तरांनी पहिल्याच दिवशी आमची दुपारची शिदोरी सोडायला लावली.

"फळा नाही, बाक नाही, शेठनी खडूसुद्धा दिलेला नाही," ते म्हणाले. "हरकत नाही. पोती ओढून घ्या आणि बसा. खायला काय आणलंय ते समोर ठेवा. आज प्रत्येकानं दुसऱ्याची शिदोरी तपासायची."

आम्ही तिघं होतो. मी, सकुबाई आणि भट्टीवरचा जाणू. आटगाव स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमची पोह्याची गिरणी. एकसष्ट सालच्या भाद्रपदात मुंबईच्या एका कापडगिरणीच्या कँटीननं आमची वीस पोती परत धाडली. पोह्यात वाळू निघाली होती. सोबत चिठ्ठी होती, की दसऱ्याच्या आत सगळ्या कामाची तपासणी करून लेखी कळवा, नाहीतर माल बंद. निम्म्याहून जास्त माल तिकडेच जायचा. तो बंद म्हणजे गिरणीला कुलूप.

मालक महिपतशेठ. मुंबईहून तपासनीस आणायचा तर त्याचं येणंजाणं, राहणं, चहापाणी, असं ते दोन दिवस करवादत होते. शेवटी त्यांनी बायकोच्या मामांना बोलावलं. पोतनीस मास्तर कुठल्याशा सरकारी कारखान्यात तीस वर्षं माल तपासून निवृत्त झालेले. आठ दिवसांत घरचेच तीन तपासनीस तयार करून द्यायचे, दोन वेळचं जेवण आणि माडीवर झोपायला जागा, एवढ्यावर ते आले.

माणसं शेठनीच निवडली. पोती भरण्या-शिवण्याच्या कामावरची सकुबाई घेतली, कारण तिला कोणी घाबरवू शकत नसे. माझं नाव घेताना म्हणाले, "ही शकू. उपासतापास करते, खोटं बोलत नाही." ते त्यांनी असं सांगितलं, की मला काही जुनं दुखणंच आहे. जाणूला घ्यायला ते तयार नव्हते. पण भट्टीवरचा माणूस हवाच, असं मास्तरांनी धरलं.

"घ्या मग," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. "पण ऐकून ठेवा. ज्याच्या कामात वाळू निघेल, त्याला त्याच दिवशी बाहेर काढीन."

बोलताना ते जाणूकडेच बघत होते. जाणू गिरणीच्या मागच्या खोपटात राहायचा. त्याची बायको गुणा पोती उचलायची, पण आता तिचे दिवस भरत आले होते. गिरणी सुटली की खोपटही सुटणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

तर शिदोऱ्या सुटल्या. मास्तरांनी तीन प्रश्न घोकून घेतले. ठरलं काय होतं? आहे काय? आणि ते कशावरून?

सकुबाईनं माझा डबा उघडला. सोमवार होता. "ठरलं काय व्हतं? उपास. हाय काय? दोन रताळी. कशावरनं? आता हिच्या तोंडाचा वास घेऊ का मास्तर?"

दारात उभे असलेले हमाल हसले. मास्तर हसले नाहीत. "आता जाणूची."

जाणूकडे डबा नव्हता. पळसाच्या पानात नाचणीची भाकरी आणि मिरची. सकुबाईनं हात मागे घेतला.

"हात लावा बाई. तपासनिसाला विटाळ नसतो."

तिनं दोन बोटांच्या चिमटीत पान उचललं.

"धरा बाय नीट," जाणू म्हणाला. "चावत नाय ती."

त्याची शिदोरी माझ्या वाट्याला आली नाही, म्हणून मी मनातल्या मनात देवीचे आभार मानले. हे लिहायला नको, पण घडलं ते तसं.

मास्तरांचा एक नियम त्या तीन प्रश्नांहून मोठा होता. आपलं काम आपण तपासायचं नाही. आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, म्हणायचे. म्हणून वाटणी अशी झाली, की पोती शिवण्याचं काम जाणूनं बघायचं, पोहे निवडण्याचं म्हणजे माझं सकुबाईनं, आणि भट्टी मी. जाणूला लिहिता येत नव्हतं. मास्तर म्हणाले, कोळशानं खूण कर. रेघ म्हणजे बरं, फुली म्हणजे वाईट.

पाचव्या दिवशी त्यानं सकुबाईच्या चार पोत्यांवर फुल्या मारल्या. शिवण सैल होती. सकुबाईनं त्याच्या देखत पदरानं त्या पुसून टाकल्या.

"भट्टी फुकणारा मला सुई धरायला शिकवतो! जा रं, तुझ्या खोपटाला फुली मार आदी!"

जाणूनं पोती फिरवली आणि मागच्या बाजूला पुन्हा चार फुल्या मारल्या.

त्याच दुपारी मी भट्टीवर गेले. भिजवलेलं भात तिथं तापलेल्या वाळूत भाजतात आणि मोठ्या चाळणीवर ओततात. वाळू खाली गळते, भात वर राहतं, मग ते कांडायला जातं. पाच वर्षं मी त्या गिरणीत होते आणि भट्टीच्या दारापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. सोवळं मोडेल म्हणून.

"या," जाणू म्हणाला. "बगा काय बगायचं ते. धाडलंय ना बगायला."

"चाळण दाखव."

त्यानं ती माझ्या पायाशी आपटली. चाळण फाटली तिथं तिथं त्यानं डब्याचे पत्रे कापून ठिगळं मारली होती. पत्र्यातून वाळू गळणार कुठून? ती भातासोबत वरच राहायची.

"ठिगळं किती?"

"तुमीच मोजा. मी सांगितलं तं खोटं व्हईल."

अकरा ठिगळं. मी लिहून घेतलं. विचारलं, "शेठना सांगितलं नाहीस?"

"दोन म्हयने सांगतोय, नवी चाळण आना. शेठ काय म्हनतात? गिऱ्हाइकाला दावायच्या नमुन्याच्या डब्यात वाळू नाय, मंग चाळण कशाला? डबा रोज साफ! पोत्यात वाळू अन् डब्यात नाय. मी इचारतो बाय, त्यो डबा काय आभाळातनं पडतो?"

माझ्या हातातली पेन्सिल तिथंच थांबली.

डबा आभाळातून पडत नव्हता. तो मी भरत होते.

गिरणी सुरू झाली तेव्हापासून माझा नेम होता. सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी, कोणाशी अक्षर न बोलता यायचं. पहिल्या पोत्यातले मूठभर पोहे सुपात घ्यायचे, एकेक दाणा पारखायचा, तुटका नको, काळा नको, आणि ती मूठ फळीवरच्या अन्नपूर्णेपुढे ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती मी चिमण्यांना घालायची. सुरुवातीलाच एकदा शेठनी बघितलं. म्हणाले, "चिमण्यांना कशाला? गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना काढतोच आपण. हीच मूठ डब्यात टाक. रोज दोन दोन मुठी कशाला काढायच्या?" मला ते पटलं होतं. देवीपुढचं नमुना म्हणून जातंय, यात मला गिरणीचं भाग्य दिसलं होतं.

पाच वर्षं सगळ्यांनी देवीची मूठ बघितली आणि पोत्यातही तेच आहे असं मानलं. आम्ही निवडणाऱ्या बायकाही त्या डब्याच्या जिवावर घाई करत होतो. सूप दोनदा पाखडायचं, तिथं एकदा.

संध्याकाळी हातपाय धुताना सकुबाई जवळ आली. ती दुपारी माझं काम तपासून गेली होती.

"मला कळलंय," ती म्हणाली. "अन् तुला बी कळलंय, तुज्या थोबाडावर दिसतंय. गप ऱ्हा."

"आणि जाणू?"

"जाण्याचं काय? त्याला दुसरी भट्टी मिळंल. आपल्याला दुसरी देवी नाय मिळायची गो. एकदा बोललीस का शेठ फळीच काढून टाकंल. मंग बाया तुला उभी जाळतील, आदी मी."

घरी जाऊन मी दिवा लावला, पोथी उघडली. एक ओळ डोक्यात शिरेना. बाहेरून एक कुत्रं केव्हाचं भुंकत होतं. मी पोथी मिटली आणि मास्तरांनी दिलेला कागद पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी गोदामात सगळे जमले. शेठ नमुन्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. जाणूनं आपल्या फुल्या आणि रेघा सांगितल्या. मग मास्तरांनी माझ्या कागदावरचा भट्टीचा भाग वाचला. चाळणीला अकरा ठिगळं, वाळू गळत नाही.

शेठनी डब्याचं झाकण उघडलं. "हे बघा. एक कण दाखवा वाळूचा. चाळण वाईट असती तर इथं वाळू आली असती की नाही? आली नाही. मग पोत्यात कुठून आली? चाळल्यानंतर कोणीतरी घातली. पोहे घरी आणि वाळू पोत्यात! काय रे जाण्या?"

"शेठ, तोंड सांभाळून."

"मला शिकवतोस? तुला भट्टीवर ठेवला हीच माझी चूक झाली. दिवस बुडायच्या आत खोपट खाली कर. बायकोला घे आणि चालायला लाग."

दाराशी गुणा उभी होती. तिनं पोटावर हात ठेवला आणि भिंतीला टेकली. जाणू एक पाऊल पुढे आला. त्याच्या हातात कोळसा होता, तो बोटांत चुरला गेला.

"कागद संपलेला नाही," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तेवढाच आहे. मास्तर ओरडले, "मोठ्यानं!"

मी उभी राहिले. "ठरलं काय होतं? डब्यातला नमुना पोत्यातला असावा. आहे काय? डब्यातला नमुना देवीपुढचा आहे, एकेक दाणा निवडलेला. कशावरून? तो मी भरते."

निवडणाऱ्या बायकांमध्ये कुजबुज झाली. शेठ उठले.

"मास्तर, हिला हिचं स्वतःचं काम तपासायचं नव्हतं ना? नियम काय तुमचा?"

"नियम मोडलाय," मास्तर म्हणाले. "निवडीचा कागद सकुबाईकडे आहे. सकुबाई, काय लिहिलंय?"

"समदं बरं हाय," सकुबाई जमिनीकडे बघत म्हणाली.

मास्तरांनी वर्तमानपत्र पसरलं. एका पोत्याची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातली मूठ कागदावर टाकली. शेजारी डब्यातली मूठ ओतली. मग पहिला ढीग बोटानं बाजूला सारला. कागदावर वाळू उरली. सगळ्यांना दिसली.

"हिनं देवीच्या नावावर मला फसवलं!" शेठ ओरडले. "पाच वर्षं!"

"मूठ डब्यात टाकायला तुम्हीच सांगितलंत शेठ," मी म्हणाले.

"मी? कशावरून?"

त्यांनी मास्तरांचाच प्रश्न उचलला होता. त्याचा पुरावा कागदावर नव्हता, कुठंच नव्हता. मी मागे वळून बघितलं. बायकांपैकी कोणी मान वर केली नाही.

"सांगितलंत तुमी," सकुबाई म्हणाली. दातओठ खात म्हणाली. "मी तिथंच सुतळी काढत व्हते. रोज दोन दोन मुठी कशाला, म्हनालात." आणि माझ्याकडे वळून, "आता झालं का तुजं समाधान? मेली देवाची!"

मास्तरांनी सगळं कागदावर घेतलं. चाळण, डबा, मूठ, कोणी सांगितलं ते. शेठ म्हणाले, हा कागद मुंबईला जाणार नाही. मास्तर म्हणाले, "मग मी जाऊन तोंडी सांगतो. जाण्यायेण्याचं भाडं तुम्हीच द्यायचं." शेठनी डबा भिंतीवर फेकला आणि ते गोदामातून निघून गेले.

भाडं वाचावं म्हणून शेठनी शेवटी कागद टपालानं मुंबईला धाडला. चौथ्या दिवशी कल्याणहून नवी चाळण आली. जाणूचं खोपट राहिलं. मला निवडीवरून काढून भात भिजवायच्या हौदावर घातलं. दिवसभर पाण्यात हात, आणि निवडीवर माझ्या जागी सकुबाई. बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. पाणी प्यायला गेले की तांब्या पालथा घालून ठेवायच्या.

जाणू चाळण बसवत होता तेव्हा मी त्याला भिजलेलं भात न्यायला सांगायला गेले. तो आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

"पाच वर्सं तुमची देवी जेवली बाय," तो चाळणीवरून मान न उचलता म्हणाला, "अन् शिव्या मी खाल्ल्या. जा आता. भात आनतो."

दसऱ्याच्या सकाळी मी नेमाप्रमाणे आले. ओले केस, तोंडात शब्द नाही. फळी अजून जागेवर होती. शेठना ती काढायचा धीर झाला नव्हता. भरून ठेवलेल्या पोत्यांतलं एक मधलं पोतं घेतलं, हात खोल घातला आणि आली ती मूठ तशीच अन्नपूर्णेपुढे ठेवली. सूप घेतलं नाही.

सकुबाई मागे येऊन उभी राहिली. तिनं वाकून बघितलं, बोटानं पोहे उलटे केले. आता ती तपासनीसच होती.

"ह्याच्यात खडा हाय."

मी नमस्कार पुरा केला. मग बोलले, "असू दे."

"देवीला खडा घालतेस? सणाच्या दिवशी?" तिनं तो उचलायला हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं. जन्मात कोणाचं मनगट मी असं धरलं नव्हतं.

"पोत्यातले काढ सकुबाई. मग इथं येणार नाही."

तिनं हात हिसडून सोडवून घेतला. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ते मधलं पोतं फरफटत निवडीच्या जागेवर नेलं, सगळं जमिनीवर ओतलं आणि बायकांवर ओरडली, "बसा गो! पयल्यापासनं! अन् दोनदा पाखडायचं, एकदा नाय!"

मी हौदाकडे गेले. पाणी गार होतं.