परतीचा माल

उपेंद्रपंतांच्या गड्याने ताडपत्रीच्या दोरीची पहिली गाठ सोडली, तेव्हा केशव लॉरीच्या मागच्या चाकापाशी उभा राहून त्याला थांबवण्यासाठी एखादे कारण शोधत होता. तांदळाची पोती पंतांच्या ओट्याखाली मांडलेली होती. लॉरीत जागा आहे हे पंतांनी बाहेरूनच ताडले होते, आणि पुण्याला निघालेली गाडी दारात उभी असताना लग्नाचा तांदूळ पुढच्या खेपेला नेतो म्हणणे कोणालाही चमत्कारिक वाटले असते.

"मीठ ओलं आहे, पंत. तांदळाला ओल धरेल," तो अखेर म्हणाला.

"मग खाली गोणपाट घाल की. आमची लेक सौदामिनी भोरची, आणि तिच्या लग्नात तांदूळ घालायचा पुण्याचा? व्याही जन्मभर बोलून दाखवतील."

दुसरी गाठ सुटली. गड्याने ताडपत्री वर टाकली, मिठाच्या गोण्यांची कडेची रांग ओढून बाजूला केली, आणि तिच्यामागे दडवलेल्या बांबूच्या पाट्या उघड्या पडल्या. सुक्या बोंबलांचा वास ओट्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पंतांनी उपरण्याचे टोक नाकाला लावले.

महाडच्या बंदरावरून लॉरी जवळजवळ रिकामी आणणे केशवला परवडत नव्हते. पुण्याहून गूळ, तेलाचे डबे, कापडाचे गठ्ठे भरून वरंध्याच्या घाटाने खाली उतरायचे. परतीला मात्र मिठाखेरीज काही मिळत नसे, आणि नुसत्या मिठावर पेट्रोलही सुटत नसे. म्हणून त्याने हा माल धरला होता. उजाडायच्या आत भोर मागे टाकले की आळीत कोणाला काही कळत नसे. आज घाटात इंजिन तापले, पाण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबावे लागले, आणि गावात शिरेपर्यंत ऊन वर आले. पंत रस्त्यात हात आडवा करून उभेच होते. संस्थानच्या कचेरीतली कारकुनी सोडून केशवने लॉरी घेतली, तेव्हा साऱ्या आळीने नाक मुरडले होते. एकटे पंत त्याच्या बाजूने बोलले होते. मुलगा सचोटीचा आहे, त्याच्याकडे माल निर्धास्त द्या, असे त्यांनी घरोघर सांगितले होते.

ड्रायव्हर कोंडिबा गाडीतून उतरून मागे आला होता. तो आंबवड्याचा, पन्नाशीचा, आणि माळकरी होता. पहिल्यांदा पाट्या घेतल्या त्या दिवशी त्याने केशवला एवढेच सांगितले होते की, गाडी आपण चालवू, पण पाटीला हात लावणार नाही. बंदरावरचे हमाल पाट्या चढवू लागले की तो दूर जाऊन, पाठ करून बसत असे.

"केशव, हे काय आहे?" पंतांनी विचारले.

केशवने पाट्यांकडे पाहिले. मग पंतांच्या नजरेला नजर न देता तो कोंडिबाकडे वळला.

"कोंडिबा, हे कोणी भरलं?"

आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. कोंडिबाने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले, जणू प्रश्न खरोखरच विचारला आहे की काय, याची तो खात्री करून घेत होता. मग खांद्यावरच्या फडक्याला त्याने हाताचे तेल पुसले.

"म्या भरलं."

"मालकाला न विचारता?" पंत म्हणाले.

"व्हय."

"गळ्यात तुळशीची माळ आणि गाडीत बोंबील," जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले. "देवाला नैवेद्य नेत असेल बिचारा."

हशा पिकला. केशवही हसला. आपण हसलो हे त्याच्या ध्यानात आले, तेव्हा कोंडिबाने मान फिरवली होती.

पंतांनी आरडाओरडा केला नाही. गाडी धुऊन, गोमूत्र शिंपडून आणावी, आणि असला लबाड माणूस तिच्यावर नसावा, म्हणजे तांदूळ तिच्यातूनच जाईल, असे त्यांनी सांगितले. या लोकांनी तुझ्या भलेपणाचा फायदा घेतला, असेही ते म्हणाले आणि त्यांनी केशवच्या पाठीवर हात ठेवला. केशव तो हात निघेपर्यंत हलला नाही.

पुण्याच्या वाटेवर गाडी कापूरहोळला थांबली. तिथे कोंडिबाने बोनेट उघडले आणि तो पाणी भरू लागला. केशव खाली उतरून त्याच्याजवळ गेला.

"ऐन वेळी मला दुसरं काही सुचलं नाही," तो म्हणाला.

कोंडिबा पाणी ओततच राहिला. तोंडापर्यंत भरले तरी त्याने डबा सरळ केला नाही. पाणी ओसंडून चाकाखालच्या धुळीत वाहत गेले.

"कात्रजच्या चढाला पुन्यांदा तापंल," तो म्हणाला. "हळू घ्यावं लागंल."

पुण्यात पाट्या उतरल्या, गाडी भोरला परत आली. कोंडिबाने फडके झटकून खांद्यावर टाकले आणि, घरी जातो, एवढे सांगून आंबवड्याची वाट धरली. पुन्हा कामावर यायचे की नाही हे त्याने विचारले नाही, आणि केशवनेही सांगितले नाही.

बाजाराच्या दिवशी ही गोष्ट भोरहून आंबवड्याला गेली, आणि पुढच्या बाजाराला तिचा शेवट केशवच्या कानावर आला. भजनात कोंडिबाच्या पुढचा पखवाज काढून दुसऱ्याला दिला होता. ज्या म्हाताऱ्या सोनबांनी तरुणपणी त्याच्या गळ्यात माळ घातली होती, त्यांनीच ती उतरवून देवापुढे ठेवायला लावली होती. सांगणारा तेल्याच्या दुकानात उभा राहून रंगवून सांगत होता. ड्रायव्हर कोणाचा हे त्याला ठाऊक नव्हते. केशव घ्यायचे ते न घेताच बाहेर पडला आणि संध्याकाळी एकटाच लॉरी घेऊन आंबवड्याला गेला. गाडी चालवायला त्याला कोंडिबानेच शिकवले होते.

कोंडिबाची बायको रतनबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिने पदर सारखा केला आणि घरधनी देवळाकडे गेल्याचे सांगितले. केशव तिथेच उभा राहिला.

"रतनबाई, त्या पाट्या कोंडिबाच्या नव्हत्या."

सूप थांबले नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "जेवाया बसलं की ह्यांचा हात गळ्यापाशी जातोय, आन् मग तसंच उठत्यात. मला सांगून काय व्हायचं, मालक? देवळात बसल्यात समदी. तितं सांगा."

केशव देवळात शिरला तशी माणसे उठून उभी राहिली. दिवा नुकताच लावला होता. कोणीतरी लगबगीने घोंगडे अंथरले. कोंडिबा मंडपाच्या बाहेर, वहाणा काढून ठेवतात त्या पायरीवर बसला होता. मालकाला पाहून तो उठला, पण आत आला नाही.

केशवने तोंड उघडण्याआधीच सोनबांनी हात जोडले.

"आमी उद्या तुमच्याकडंच येनार हुतो, मालक. आमच्या गावच्या मानसानं तुमाला चारचौघांत मान खाली घालाय लावली. गावाच्या वतीनं म्या पाया पडतो. पर त्याला कामावरनं काडू नगा. पोराबाळांचा धनी हाय."

म्हातारा खरोखरच वाकू लागला. केशवने त्यांना दोन्ही हातांनी धरले.

"चूक त्याची नाही, सोनबा," तो म्हणाला. "पाट्या मी भरून घेतल्या. माल मी धरला होता. त्याने त्याला हातसुद्धा लावला नाही."

सोनबांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि ते मंडळींकडे वळले.

"ऐकलंसा? गड्याचं पाप आपल्या अंगावर घ्याया हितवर आलं हे लेकरू. मालक असावा तर असा."

"मी खरं तेच सांगतोय."

"आमी कवा खोटं म्हनलं?" सोनबा मायेने हसले.

केशवने पुन्हा सांगितले. महाडचा व्यापारी, मिठाची आडवी लावलेली रांग, उजाडायच्या आत भोर ओलांडण्याची युक्ती, सारे सांगितले. तो जितके सांगत गेला तितक्या माना कौतुकाने डोलत राहिल्या. उद्या भोरला न्यायला म्हणून आणलेला नारळ सोनबांनी त्याच्या ओंजळीत ठेवला. कोपऱ्यातून कोणीतरी पायरीच्या दिशेने म्हणाले, "आसल्या मानसाला फशिवलंस, कोंड्या. कुठं फेडशील?"

केशव बाहेर आल्यावर कोंडिबा त्याच्याबरोबर लॉरीपर्यंत चालत गेला. देवळातले टाळ सुरू झाले होते.

"उद्या पंतांकडे तांदूळ भरायचा आहे," केशव म्हणाला. "तू ये."

"त्यांनी मला नगं म्हनलंय."

"त्यांच्यापुढे सांगतो मी. हेच सगळं."

कोंडिबाने इंजिनाचे हँडल जागेवर बसवले, पण फिरवले नाही.

"तितं पंत खरं मानतील, मालक," तो म्हणाला. "म्हनून तर तुमी आदी हितं आला."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने वाकून हँडल मारले आणि इंजिन सुरू झाले. मग ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडून धरून तो वाट पाहत उभा राहिला. केशव हातातला नारळ घेऊन गाडीपुढेच उभा होता.