कॅन्टीनमधले सहा टब

टबातलं पाणी काळं पडायला लागलं, तसा कॅन्टीनमध्ये एकच गलका झाला. मागचे लोक बाकांवर चढले, पुढच्यांनी मोबाइल काढले, काही जण तर जेवणाचं ताट हातात घेऊनच बघायला आले. टबात पाय होते कडुबाचे. कडुबा म्हणजे वाळूजच्या आमच्या कारखान्यातला प्लेटिंगचा सगळ्यात जुना ऑपरेटर. सुट्या भागांवर निकेलचा मुलामा चढवण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती.

"आरं देवा! एवढी घाण माझ्यात व्हती?"

"होती. आता नाही!" आकाश सर म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आकाश सर म्हणजे वेलनेस कोच. गळ्यात माळ नाही, कपाळाला टिळा नाही. निळा कोट, कानाशी माइक, मागं पडद्यावर यकृताचं रंगीत चित्र. समोर सहा टब, प्रत्येकात धातूच्या पट्ट्यांची एक काळी चकती आणि तिला जोडलेलं लुकलुकणारं यंत्र.

"फ्रेंड्स, शरीर म्हणजे तुमचा कारखानाच! कारखान्याचं गटार तुंबलं तर काय होतं? शरीराचं गटार म्हणजे तळपाय. कोमट पाणी, चिमूटभर गुलाबी मीठ, बाकी सगळं आयन बघून घेतो. आयन आत शिरतो, विषाची कॉलर धरतो आणि बाहेर ओढतो. पाणी नारिंगी झालं तर सांधे. तपकिरी झालं तर लिव्हर. काळं झालं तर शुगर! सुई नाही, गोळी नाही, फक्त पाय!"

आयन कॉलर धरतो, हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी संघपाल वाहुळे, बीएस्सी, विषय रसायनशास्त्र, प्लेटिंग विभागाचा सुपरवायझर. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात वाढलो. अंगात येणाऱ्यांची नक्कल करून पाहुण्यांना हसवणारा माणूस. आणि कडुबानंतर टबात पाय घातले ते मीच. माझं पाणी तपकिरी झालं तेव्हा घरच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला.

हे नुसत्या हौसेवर थांबलं असतं तर आज लिहायची वेळ आली नसती. दर वर्षी आमच्याकडं कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी होते. रक्त, बीपी, डोळे, पाय. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या कंपनीच्या डॉक्टर जहांआरा मॅडम ती करतात. यंदा आरोग्य समितीत मी म्हणालो, "नुसतं रक्त काढून कागद हातात देतात, लोक तो कपाटात टाकतात. यात निदान काहीतरी दिसतं." तपासणी पुढं ढकलली, आठवडाभराचं हे शिबिर घेतलं. ठरावावर पहिली सही माझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरूबाई माझ्या टेबलापाशी आल्या. सरूबाई ठेकेदाराकडच्या सफाई कामगार. रोज आमच्या टाक्यांभोवतीचा गाळ त्याच उपसतात. शिबिराचे टब धुवायचं कामही त्यांच्याकडं आलं होतं.

"साहेब, एक इचारू का? जेवायच्या सुट्टीत एक मशीन चालूच राहिलं व्हतं. टबात पाय नव्हते कुणाचे. तरी पाणी काळं झालं."

"आधीचं पाणी असेल, सरूबाई."

"नाय. मीच धुऊन नवं भरलं व्हतं. आन त्या चकतीच्या पट्ट्या सोमवारी जाड व्हत्या, आज पत्र्यावानी झाल्यात. आपल्या टाकीत त्या निकेलच्या कांड्या झिजत्यात ना, तशाच."

मी कागदावरून मानही वर केली नाही. "सरूबाई, तो माणूस परदेशात शिकून आलाय. तुम्ही टब धुवा ना."

त्या गेल्या. माझं हे वाक्य मला रोज आठवतं, आणि रोज मान खाली जाते.

बुधवारपासून घरच्यांची पाळी होती. कडुबा बायकोला, गीताबाईला, पैठणहून एसटीनं घेऊन आला. गीताबाईला आठ वर्षांपासून साखरेचा आजार, रोज दोन गोळ्या. तिचं पाणी काळंकुट्ट झालं. "बघा, शुगर!" कोच ओरडले. गुरुवारीही काळं. शुक्रवारी कोचनी टबात आणखी गरम पाणी ओतायला लावलं. पाणी जितकं गरम, तितका निचरा जास्त.

"चटका लागतोय का गं?" कडुबानं विचारलं.

"नाय वो. उलट बरं वाटतंय."

शनिवारी तिच्या टबातलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहिलं. कोचनी तिचा हात धरून वर केला. "ताई क्लीन! आता गोळ्यांची गुलामी बंद!" लोक टाळ्या वाजवत होते, आणि मीही वाजवत होतो. गीताबाई लाजून पदराआड हसली. पिशवीतली गोळ्यांची पट्टी तिनं तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तीन आठवड्यांनी कडुबा कामावर यायचा थांबला. मी फोन लावला.

"तिच्या पायाला फोड आला व्हता, साहेब. मी आकाश सरांना फोटो धाडला. ते म्हणले, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण हाय, हात लावू नका. आता पाय काळा पडलाय. सरकारी दवाखान्यात हाय."

मी जहांआरा मॅडमना घेऊन तिथं गेलो. तोवर डाव्या पायाची दोन बोटं काढली होती. बाकीचा पाय वाचेल की नाही, हे आठवड्यानं कळणार होतं. गीताबाई डोळे मिटून पडली होती. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "साखर जुनी झाली की पायाची जाणीव कमी होते. तिला चटका कळलाच नाही. भाजलं, फोड आला, वरून गोळ्या बंद. वाहुळे, आपल्या तपासणीत मी दर वर्षी तिचे तळपाय बघत होते. याच्यासाठीच बघत होते ना."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सरूबाईंकडं गेलो. त्या टाकीखालचा गाळ काढत होत्या. मी म्हणालो, "सरूबाई, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं ते पुन्हा सांगा."

त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. मग सफाईच्या खोलीतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. आत शिबिरातली चकती होती. पट्ट्या कुरतडल्यासारख्या झिजलेल्या, वर गंजाचा थर. "टाकून द्या म्हणला व्हता तो कोच. मी ठिवली."

पुढच्या सोमवारी आकाश सर परत आले. आता त्यांना कायमचं काम हवं होतं, दर महिन्याला शिबिर आणि वार्षिक तपासणी कायमची बंद. कॅन्टीन भरलेलं, टब मांडलेले. मी उठलो, कॅन्टीनमधला एक दुधी भोपळा घेतला आणि टबात ठेवला.

"सर, आज याचं विष काढा."

हशा पिकला. कोचही हसले. "काढू ना!" मीठ पडलं, यंत्र लागलं आणि दहा मिनिटांत पाणी तपकिरी झालं.

"तपकिरी म्हणजे लिव्हर," मी म्हणालो. "भोपळ्याचं लिव्हर खराब आहे का?"

"सर, आजकाल भाज्यांवर किती फवारणी असते! तेच विष निघालं. बघा, मशीन भाजीवरसुद्धा चालतं!" कोच जराही डगमगले नाहीत, आणि दोन-चार जणांनी खरंच माना डोलावल्या.

तेवढ्यात मागून सरूबाई पुढं आल्या. "मग काहीच नका टाकू. नवं पाणी घ्या, मीठ घाला आन नुसतं चालू करा."

कोच घड्याळ बघायला लागले. "यंत्राला बॉडी लागते, ताई. रिकामं चालवलं तर बिघडतं."

"त्या दिवशी तर नव्हतं बिघडलं," सरूबाई म्हणाल्या. त्यांनी भोपळा काढून टब धुतला, नवं पाणी आणि मीठ घातलं आणि स्वतःच बटण दाबलं.

सगळं कॅन्टीन त्या रिकाम्या टबाकडं बघत राहिलं. आधी चकतीभोवती पिवळट धागे सुटले, मग नारिंगी, मग तपकिरी, शेवटी काळं.

मी दुसरा टब भरला आणि मीठ घातलंच नाही. यंत्र चालू, दिवे लुकलुकतायत, पाणी नितळ. "हे गीताबाईचं शनिवारचं पाणी. मीठ नसलं की पाण्यातून वीज नावापुरतीच जाते. मीठ असलं की वीज जाते, चकतीतलं लोखंड विरघळतं आणि पाण्यात त्याचा गंज होतो. तुम्ही पाहिलात तो गंज. अंगातलं काही नाही. कधी काळं करायचं आणि कधी नितळ ठेवायचं, ते या कोचच्या चिमटीत होतं." मी सरूबाईंची चकती वर धरली. "आपण काय करतो रोज? टाकीत धातू, धातूला वीज, धातू विरघळतो. एवढ्यावर आपली घरं चालतात. आणि आपल्यापैकी एकालाही कळलं नाही."

"सरूबाईला कळलं व्हतं," मागून कुणीतरी म्हणालं.

कोच कोट सावरत वायरी गुंडाळायला लागले. जहांआरा मॅडमनी त्यांना खुर्ची दाखवली आणि पोलिसांना फोन लावला. कुणीच हसलं नाही. प्लेटिंगची सगळी माणसं आपापल्या पायांकडं बघत होती.

गीताबाईचा पाय वाचला. दोन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा ती काठी टेकत आली. मॅडम तिच्या तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवत विचारत होत्या, "लागतंय?" "नाय." "इथं?" "नाय." "इथं?" "व्हय, जरासं." मी रजिस्टर घेऊन शेजारी उभा होतो.

चप्पल घालताना तिनं मला विचारलं, "साहेब, सरूबाईनं तुमाला आधीच सांगितलं व्हतं म्हणं?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी."

कडुबानं तोंड फिरवलं. मग ती म्हणाली, "मंग हे समद्यांना सांगा. माझं नाव घाला, चालंल. पर तुमचं बी घाला."

म्हणून सांगतोय, मी, संघपाल वाहुळे. कुणी चमत्कार दाखवला, मग तो राख लावून दाखवो की कोट घालून, तर पाय बाहेर काढा आणि पाण्याचं काय होतं ते बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका. आणि टब धुणारी बाई काही सांगायला आली, तर आधी मान वर करा.