टपालाची नोंद

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. कशावरून, तर एका एवढ्याशा कुलपावरून! सासऱ्यांच्या व्हायोलिन दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट आजवर तिनेच सांभाळलेली. अलीकडे तिथे 'सुरक्षित नाही' अशी पाटी दिसायला लागली, तर सासऱ्यांनी काम दिलं ते नव्या सुनेला. का, थोरली काय मेली होती?

धाकटीने चार साधी पानं रचली, क्लाउडवर चढवली, सुरक्षिततेचं सर्टिफिकेट जोडलं आणि वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ते इवलंसं कुलूप उमटलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सासरे ते दाखवत सुटले. थोरलीचा सख्खा नवरासुद्धा "झकास झालंय" म्हणाला. घरातच फितुरी, मग बोलायचं कोणाला?

त्याच दुपारपासून दुकानाला एकही ईमेल आला नाही. थोरलीला लगेच उमगलं. वेबसाइटचा पत्ता नव्या जागी हलवताना, ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारी टपालाची नोंद धाकटीने मागेच ठेवली होती, त्यामुळे आलेली पत्रं बाहेरच ताटकळत होती. दोन ओळींचं काम. थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. पडू दे की जरा तोंडावर, ती मनात म्हणाली. मग येतील सगळे झक मारत माझ्याकडे.

इकडे सासरे एका मोठ्या वाद्यवृंदाच्या पत्राकडे डोळे लावून बसले होते. वृंदाची सगळी व्हायोलिनं दुरुस्तीला मिळाली असती, तर वर्षभर बघायला नको होतं. ते ईमेल उघडत, चष्मा पुसत, पुन्हा उघडत. थोरली शेजारी बसून तारा निवडायची. जीभ मात्र काही उचलत नव्हती.

तीन-चार दिवसांनी धाकटीच तिच्याकडे आली. "ताई, मी स्वतः एक पत्र पाठवून बघितलं, तेही पोचलं नाही. माझंच काहीतरी चुकलंय. बघता का जरा?"

थोरलीने खुर्ची ओढली, इकडेतिकडे न बघता थेट योग्य जागी गेली आणि नोंद भरली. थोड्या वेळाने अडकलेली पत्रं धडाधड यायला लागली. वाद्यवृंदाचंही आलं. त्यांना कालपर्यंत होकार हवा होता. सासऱ्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, पण काम दुसऱ्याला देऊन झालं होतं.

"तुम्ही बिघाड शोधलासुद्धा नाहीत," धाकटी हळूच म्हणाली. "तुम्हाला आधीच माहीत होतं."

थोरलीने खुर्ची मागे सारली.

सासरे फोन ठेवून वळले. "गेलं ते गेलं. थोरली होती म्हणून निदान पुढचं तरी सावरलं. धाकटे, शिक जरा हिच्याकडून."

हेच ऐकायला थोरली आसुसली होती, आणि आता तिला मान वर करवेना. धाकटी सगळं बाहेर काढणार, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी राहिली.

"हो बाबा, चूक माझीच," एवढंच म्हणून धाकटी आत गेली.

थोरलीच्या काळजात पुन्हा तीच आग भडकली. गप्प राहण्यातसुद्धा ही पोरगी तिच्या वरचढ निघाली.