अनंतकाळाची सवत

शनिवारी कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या मॉर्मन मंदिरात माझं आणि वेंडलचं कायमचं लग्न लागणार होतं. मॉर्मन म्हणजे वेंडलचा ख्रिस्ती पंथ. साधं लग्न झालंच होतं सिटी हॉलमध्ये; पण मंदिरात बांधलेली गाठ मेल्यावरही सुटत नाही म्हणे. मी नागपूरची बौद्ध, हॅमिल्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. आत्मा-बित्मा, स्वर्ग-बिर्ग आमच्यात नाहीच. तरी त्याच्यासाठी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पंथात चालत नाही म्हणून चहा सोडला. हो, चहासुद्धा! आईनं तर माझे फोन घेणंच बंद केलं. "देवांच्या कचाट्यातून सुटायला तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली पद्मा, आणि तू परत जाऊन बसलीस," एवढं म्हणाली आणि संपलं.

वेंडलला त्याच्या घराण्याचा भारी अभिमान. त्याचे पणजोबा अमेरिकेतून आल्बर्टात येऊन स्थिरावले, तेवढ्यात चर्चनं अनेक बायका करणं बंद केलं. पणजोबांनी ते मानलं. त्यांच्या सख्ख्या भावानं मानलं नाही. तो आपल्या चार बायका घेऊन फुटला आणि वेगळा पंथ काढून बसला. दोन्ही घरं पुन्हा एकमेकांच्या मयतालाही गेली नाहीत. "आम्ही एका बायकोवाले," वेंडल जेवताना हमखास सांगायचा. मला बाई ते ऐकून बरं वाटायचं.

गुरुवारी त्याची मेहुणी नॅडीन आली, म्हणजे त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची, लोरेनची बहीण. मनानं चांगली आहे. मंदिरात घालायला माझ्यासाठी पांढरा ड्रेस घेऊन आली होती. मी पोहे केले. खाता खाता म्हणाली, "लोरेनला तिखट अजिबात चालायचं नाही हं. वर गेल्यावर तुम्हा दोघींचं एकच किचन असलं तर जरा सांभाळून घे."

मी हसले. ती हसली नाही.

"दोघींचं?" मी विचारलं.

"अगं, लोरेनची गाठ आहेच की त्याच्याशी. आता तुझी बांधायची. वेंडल बोलला नाही?"

मी खोदून विचारलं, तेव्हा नॅडीननं नियम सांगितला. बाईला जिवंतपणी एकदाच गाठ, आणि विधुराला मात्र एक गेली की दुसरी, दोन्ही कायमच्या! म्हणजे पणजोबांनी बंद केलं ते फक्त जमिनीवर. वर दुकान चालूच होतं.

नॅडीन गेल्यावर संध्याकाळी वेंडल घरात शिरला. त्याला विंटर बूटही काढू दिले नाहीत मी.

"लोरेनच्या गाठीचं मला का नाही सांगितलंस?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "सांगणार होतो. शनिवारनंतर."

"नंतर?"

"आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ताकास तूर लागू दिली नाही माणसानं! इतकी चिडले की इंग्लिश सुचेचना, मराठीतच ओरडले, "आईला तोडलं रे मी तुझ्यासाठी!" मग त्याला कळेल असं सांगितलं, "लोरेनशी माझं भांडण नाही. गेलेल्या बाईचा काय दोष? पण शनिवारी मी येणार नाही."

तो जवळ आला. अगदी समजावणीच्या सुरात, आजारी माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "पद्मा, तू तर स्वर्ग मानतच नाहीस. मग तुला काय फरक पडतो?"

म्हणजे हेही ठाऊक होतं त्याला. ठाऊक असून मला तिथे उभी करणार होता.

"स्वर्ग नव्हते मानत, वेंडल," मी म्हटलं. "तुला मानत होते."