दुसरी वेणी

"डोकं काहून हलवून राहिली? पुन्हा सुटली ना!" अंबरीशने करवादून प्रणोतीच्या केसांचे पेड परत वेगळे केले. कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत शाळेची ऑटो पंधरा मिनिटांत येणार होती आणि अजून एक वेणीही धड झाली नव्हती. फॅक्टरीच्या भट्टीवर वीस वर्षं लोखंडाला वठणीवर आणणारा माणूस. आठ वर्षांच्या पोरीच्या केसांपुढे मात्र त्याने हात टेकले होते.

प्रणोतीची आई विनीता वेणी घालताना गोष्ट सांगायची. रोज एक तुकडा, दोन वेण्यांपुरता. तोही मराठीतच, कारण बाहेर सगळीकडे हिंदी; पोरीच्या कानावर घरात तरी मराठी पडावं हा तिचा हट्ट. शेवटच्या दिवशी तिने गोष्टीतल्या म्हाताऱ्या जादूगाराला राक्षसाच्या आगीत जाळून नदीत पाडलं होतं. "परत येईल तो, दुप्पट ताकदीनं येईल. काहून, ते उद्या सांगते," म्हणाली आणि त्याच दुपारी दवाखान्यात गेली ती गेलीच.

तीन महिने झाले, पोरीने त्या 'काहून'चा पिच्छा सोडला नव्हता.

"बाबा, बताओ ना. मर गया था, तर ज्यादा ताकद कुठून आली?"

गोष्टी सांगणं हा अंबरीशचा प्रांत नव्हे. पण विनीतासारखं थोडंतरी आपल्याला जमावं, असं आज त्याला फार वाटलं. मग जे येत होतं तेच त्याने सांगितलं.

"हे बघ, आम्ही भट्टीत लोखंड लालबुंद करतो. मग एकदम पाण्यात सोडतो. असं चर्र करतं! बाहेर काढलं की पहिल्यापेक्षा कडक. तुझा जादूगार पण तसाच. पहिले आग, मग पाणी. म्हणून ताकद वाढली."

स्वतःवरच खूश होऊन त्याने पहिल्या वेणीला रिबन बांधली.

प्रणोती गर्रकन वळली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. "मतलब आई पण येईल? उसको भी तो पहले आग में रखा था. मग तुम्ही ग्वारीघाटला नर्मदाजीत सोडलं. कब आएगी, बाबा?"

अंबरीशचा कंगवा हातातच राहिला. हो म्हटलं असतं तर पोर आज हसत शाळेत गेली असती. आणि उद्यापासून रोज दाराकडे बघत बसली असती. विनीताला काहीतरी बरोबर सुचलं असतं.

"नाही येणार, बेटा. मी चुकीचं सांगितलं. लोखंडाचं वेगळं, माणसाचं वेगळं. आई नाही येणार."

ती रडली नाही. रिबनचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला.

"फिर जादूगार को भी मत लाओ," ती म्हणाली. "तो एकटा येऊन काय करेल?"

"नाही आणत."

"भैया, दो मिनट!" अंबरीशने खिडकीतून हाक दिली. मग तिला पाठमोरी बसवून त्याने दुसरी वेणी घालायला घेतली. या वेळी तिने डोकं जराही हलवलं नाही.